मेंदूतली सूज म्हणायचं की दाह?

ताई, तुम्ही नाशिकला पेशंटच्या नातेवाइकांसाठी डोक्याला मार लागण्याबद्दलचं माहितीपत्रक मराठीत करताय, आणि त्यातल्या "मेंदूतल्या सहाय्यक पेशींना यांत्रिक बलांची जाणीव होते व त्या सूज वाढवतात" या वाक्यावर अडलाय. इन्फ्लमेशनला सूज लिहिलेलं चालेल का, कारण दाह आपल्याकडे कोणी बोलत नाही, असं विचारलंत. तर इथे सूज नकोच, दाह लिहा.

एरवी मी पण सूजच म्हणलो असतो. घोटा मुरगळलाय, दाढ ठणकतेय, तिथे सूज म्हणलं की भागतं. पण मेंदूच्या बाबतीत ही सोय उरत नाही, कारण आयसीयूच्या बाहेर येऊन डॉक्टर "मेंदूला सूज आलीय" म्हणतात तेव्हा ते इन्फ्लमेशन नाही सांगत, मेंदूत पाणी धरलंय, तो फुगलाय असं सांगत असतात, म्हणजे एडीमा. कवटी पडली बंद, फुगायला जागाच नाही, मग आतला दाब वाढतो आणि पेशी दाबल्या जातात, ताणल्या जातात. हे बळ मेंदूतल्या ग्लिया पेशींना (तुमच्या वाक्यातल्या सहाय्यक पेशी त्या याच) कळतं, आणि त्यातल्या मायक्रोग्लिया (मेंदूतल्या राखणदार पेशी) आपला आकार बदलतात, सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, ते झालं इन्फ्लमेशन. त्या दाहाने परत पाणी धरू शकतं. आता दोन्हीला सूज लिहिलंत तर वाक्य "सूज आल्यामुळे सूज येते" असं होईल, आणि ज्याचा माणूस आत आहे तो ते तीनदा वाचेल बिचारा.

दाह हा शब्द परका पण नाही, यकृतदाह, स्वादुपिंडदाह छापलेले दिसतात. इन्फ्लमेशनच्या मूळ लॅटिन शब्दात पण पेटण्याचाच अर्थ आहे आणि आपल्या दाहात पण तोच. शोथ मात्र नको, तो हिंदी पुस्तकांत इन्फ्लमेशनसाठी येतो आणि आयुर्वेदात त्याचा अर्थ सूजच, गणेशवाडीच्या आयुर्वेद कॉलेजातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. एक काळजी घ्या, दाह वाचून डोक्यात आग होते असं वाटायला नको, कारण खुद्द मेंदूच्या गाभ्याला वेदना कळतच नाही. पहिल्यांदा शब्द येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ द्या.

यांत्रिक बल पण बदला. पुस्तकी दृष्टीने बरोबर आहे, पण घरच्या माणसाला यंत्र दिसतं, मशीन लावलंय की काय वाटतं. ताण लिहाल तर त्याहून वाईट, "पेशींना ताण जाणवतो" म्हणलं की लोक टेन्शनच समजणार. दाब आणि खेच असे दोन शब्द जोडीने लिहा. नुसता दाब लिहिला तर बीपीकडे लक्ष जातं.

ही जाणीव होते कशी ते एका ओळीत देता येईल. पेशीच्या आवरणात पिझो-१ नावाचं प्रथिन असतं, आवरण खेचलं गेलं की ते दारासारखं उघडतं आणि कॅल्शियम आत शिरतं, तोच पेशीला निरोप. २०१० साली आर्डेम पाटापुटियन आणि बेरट्रॉं कोस्त यांनी ही पिझो प्रथिनं शोधली, पाटापुटियन यांना २०२१ चं नोबेल डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत मिळालं.

आता तुमच्या वाक्यातला खरा घोळ, तो शब्दाचा नाही, क्रियापदाचा आहे. "वाढवतात" काढाच. अल्झायमरमधे मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गाठी साठतात, त्या आजूबाजूच्या मऊ भागापेक्षा कडक असतात आणि मायक्रोग्लियांना तो कडकपणा पिझो-१ मुळे कळतो. उंदरांवरच्या प्रयोगात या पेशींमधलं पिझो-१ काढलं तर त्या गाठींभोवती नीट जमत नाहीत आणि गाठी साफ करायचं काम मागे पडतं. म्हणजे इथे जाणीव असणं फायद्याचं. अ‍ॅस्ट्रोसाइट ही दुसरी ग्लिया, प्रयोगशाळेत वाढवलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइटमधे पिझो-१ चालू केलं तर सायटोकाइन कमी सुटलेले दिसलेत. दुखापतीत याच्या उलटही होऊ शकतं, म्हणजे या जाणिवेने दाह वाढूही शकतो. त्यामुळे "दाह कमी-जास्त करतात" हेच खरं, आणि पेशंटच्या घरच्यांना "वाढवतात" वाचून उगाच धसका बसणार नाही.

सहाय्यक पेशी ठेवायला हरकत नाही, पण पुढे ग्लिया हे नाव द्या. १८५६ मधे रुडॉल्फ फिरशो यांनी यांना चिकटवणाऱ्या पदार्थासारखं नाव दिलं तेव्हा त्या नुसत्या भरावाच्या समजल्या जायच्या, त्यामुळे सहाय्यक वाचून कमी महत्त्वाच्या असं वाटू नये.

मी असं लिहीन: "मेंदूतल्या ग्लिया या सहाय्यक पेशींना दाब आणि खेच जाणवते, आणि त्यानुसार त्या दाह (मार लागल्यावर शरीराच्या संरक्षक पेशींनी केलेली धावपळ) कमी किंवा जास्त करतात." छपाईला द्यायच्या आधी न्यूरोच्या एखाद्या डॉक्टरांना फक्त हा परिच्छेद दाखवा, आणि पत्रकात दुसरीकडे "मेंदूला सूज" जिथे एडीमासाठी आलंय तिथे ती तशीच राहू द्या.