मला दिसलेला वेगळा काजवा ही नवी प्रजाती आहे, हे कसे ठरवावे? चमकण्याची लय मोजून उपयोग होतो का?

केवळ छायाचित्रावरून हे ठरत नाही. पंखकवचांवरचा फिकट पिवळा रंग कोणत्याच ज्ञात प्रजातीशी जुळत नाही असे तुम्ही लिहिले आहे. परंतु काजव्यांच्या बाबतीत रंगाइतका फसवा पुरावा दुसरा नाही. एकाच प्रजातीत डाग कमीअधिक असतात, कोशातून नुकताच बाहेर आलेला काजवा फिकट दिसतो आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा रंग उतरतो. काजव्यांच्या २,०००हून अधिक प्रजातींना नावे मिळालेली आहेत व त्यांतील कित्येकांची जुनी वर्णने चार ओळींची आहेत, त्यामुळे वर्णन जुळले नाही तर मूळ नमुना पाहावा लागतो.

तरीही मी लिहायला बसलो तो तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे, कारण त्याच प्रश्नापायी माझे दोन हंगाम गेले. विद्यार्थी असताना मला एका ओढ्याच्या अलीकडच्या काठावर एकेकदा चमकणारे नर दिसले आणि पलीकडच्या काठावर दोनदा लागोपाठ चमकून थांबणारे. हातात घेतल्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. स्टॉपवॉच लावून मी वहीभर नोंदी केल्या व त्या मार्गदर्शकांपुढे ठेवल्या. त्यांनी वही न उघडता नमुने मागितले, नरांच्या पोटाची टोके पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या कोमट द्रावणात ठेवून मऊ केली, जननांगे बाहेर काढली आणि त्यांचा मधला व बाजूचे खंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘एकच प्रजाती’ असा निकाल दिला. ‘मेलेला किडा चमकत नाही. तुमची वही कोणत्या पेटीत टाचणीने टोचून ठेवायची?’ हे त्यांचे वाक्य मी विसरलेलो नाही. त्यानंतर त्यांनी त्या रात्रींचे तापमान विचारले. ते मी लिहिलेच नव्हते. थंडाव्यात दोन चमकांमधले अंतर वाढते हे मला ठाऊक होते, तरीही लिहिले नव्हते. विषय तिथेच संपला.

जननांग सारखे म्हणून प्रजाती एक, हा निष्कर्ष मला तेव्हाही पटला नाही व आजही पटत नाही. अमेरिकेतील फोट्युरिस या गटातील काजव्यांवरचे कीटकशास्त्रज्ञ हर्बर्ट बार्बर यांचे काम त्यांच्या मृत्यूनंतर १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. मृतावस्थेत जवळजवळ वेगळे न ओळखता येणारे काजवे त्यांनी जिवंत नरांच्या चमकण्यावरून वेगळे केले होते. जोडीदार मादी निवडते आणि तीही अंधारात, प्रकाश पाहून. फोटिनस पायरालिस या अमेरिकी काजव्याचा नर साधारण ६ सेकंदांनी वर उचलला जाणारा झोत देतो आणि मादी सुमारे २ सेकंद थांबून उत्तर देते; अशा मादीला सूक्ष्मदर्शकाची गरज पडत नाही. माझ्या काजव्यांच्या माद्यांना छोट्या विजेरीने दोन्ही लयी दाखवून त्या कोणत्या लयीला उत्तर देतात हे पाहायला हवे होते. तेही मी केले नाही.

नाव देण्याची औपचारिकता त्या मानाने सोपी आहे. १९९९ नंतर दिलेल्या प्रजातीच्या नावासाठी ते नाव ज्याच्याशी कायमचे बांधले जाते तो आधारभूत नमुना (बहुधा एकच, म्हणजे होलोटाइप) स्पष्टपणे नेमावा लागतो व तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल हे सांगावे लागते. त्याच्यासोबत आणखी नर, शक्यतो मादी, जननांगाच्या आकृत्या आणि जवळच्या प्रजातींशी तुलना हवी. डीएनएचा तुकडा जोडला की काम झाले असे मानणाऱ्यांशी माझे जमत नाही, मात्र तो जोडू नये असेही मी म्हणत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: काही फोट्युरिस नर दुसऱ्या प्रजातींच्या लयीची नक्कल करतात, म्हणजे केवळ लयीवर विसंबणेही धोक्याचे आहे आणि त्या मर्यादेत माझे मार्गदर्शक बरोबर होते. म्हणून ज्या नराचे चित्रीकरण कराल, तोच नर पकडा. चित्रफितीला व नमुन्याच्या चिठ्ठीला एकच क्रमांक द्या आणि चिठ्ठीवर तारीख, वेळ, जागा व हवेचे तापमान लिहा. वही टोचता येत नाही हे खरे, पण तिच्यातील नोंदीचा क्रमांक टाचणीवर नक्कीच टोचता येतो.