उतारावर गिअर कोणी निवडायचा?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत डेन्व्हरला राहतो. दहा गिअरच्या ऑटोमॅटिक पेट्रोल पिकअपला सुमारे २,७०० किलोचा कॅम्पिंग ट्रेलर जोडून आम्ही इंटरस्टेट ७० या महामार्गाने पश्चिमेला गेलो. आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावर गाडी सारखी गिअर बदलत होती आणि पलीकडे सिल्व्हरथॉर्नला उतरताना ब्रेकचा जळका वास आला. अशा वेळी गिअर स्वतः निवडावा का? त्याने गिअरबॉक्स बिघडतो का?

उत्तर : अवश्य निवडावा. त्याने गिअरबॉक्स बिघडत नाही; चढावर वरखाली होत राहणाऱ्या गिअरनेच तो अधिक तापतो. दर बदलाला टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचे) लॉक सुटू शकते, तो घसरू लागतो आणि ती सगळी उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात उतरते. म्हणून आधी टो-हॉल मोड (ओझे ओढताना गिअर कमी वेळा बदलणारी सेटिंग) लावा आणि तरीही गिअर स्थिरावत नसेल, तर वरचे गिअर बंद करा. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत तुम्ही निवडलेला आकडा म्हणजे केवळ वरची मर्यादा असते. ‘५’ निवडल्यावर गाडी गरजेप्रमाणे चौथ्या किंवा तिसऱ्या गिअरवरही येते. तुमच्या गाडीत तो आकडा मर्यादा आहे की प्रत्यक्ष गिअर, हे सोबतच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

खरा प्रश्न उताराचा आहे. बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर आहे आणि तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत रस्ता ६०० मीटरहून अधिक खाली येतो. पिकअप आणि ट्रेलर मिळून ५,२०० किलो धरले, तर सात टक्के उतारावर ताशी ८० किलोमीटर वेग कायम राखताना सुमारे ८० किलोवॅट शक्ती सतत कुठेतरी जिरवावी लागते. हवेचा आणि चाकांचा विरोध तिच्यातला काही भाग घेतो. उरलेला भार इंजिनावर टाकला नाही, तर तो सगळा ब्रेकवर येतो.

घाट ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचा, हा आपल्याकडच्या ट्रकचालकांचा जुना नियम इथेही उपयोगी पडतो, मात्र तुमच्या पिकअपसारख्या टर्बो किंवा ताकदवान इंजिनाच्या गाडीला उतरताना त्याहूनही खालचा गिअर लागू शकतो. तो बोगद्यातून बाहेर पडण्यापूर्वीच, वेग कमी करून निवडा, कारण पुढचा उतार तुम्हाला ठाऊक असतो, गिअरबॉक्सला नसतो. शिवाय वेग फार वाढल्यावर खालचा गिअर मागितला, तर इंजिन वाचवण्यासाठी गाडी तो नाकारते. उतरताना इंजिन मिनिटाला ३,५०० ते ४,००० फेऱ्यांवर गेले आणि आवाज चढला, तरी घाबरून वरचा गिअर टाकू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना बहुतेक इंजिनांत पेट्रोलचा पुरवठाच थांबतो. तो आवाज गाडी रोखून धरणाऱ्या इंजिनाचा असतो. तरीही वेग वाढलाच, तर काही सेकंद ठाम ब्रेक दाबून तो ताशी दहा-पंधरा किलोमीटरने उतरवावा आणि पाय पूर्ण उचलावा. हलका पाय ठेवून सतत घासत राहणे हेच जळक्या वासाचे नेहमीचे कारण असते.

एकदा इतका वास आला आहे, तेव्हा पुढच्या सहलीपूर्वी पिकअपचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल तपासून घ्या, आणि ट्रेलरचे ब्रेक खरोखर लागतात का, हे मोकळ्या सपाट जागेत केवळ त्यांच्या कंट्रोलरने (पिकअपमधून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या उपकरणाने) गाडी थांबवून पाहा.