खत-फवारणी कमी करायची, पण कुठून?

प्रश्न : मका आणि हरभरा आलटून पालटून घेतो. या हंगामापासून रासायनिक खतं आणि फवारण्या निम्म्यावर आणायच्या आहेत. उत्पादन घटेल का?

उत्तर : सगळं एकदम निम्मं केलंत तर घटण्याची शक्यता मोठी, आणि कशामुळे घटलं तेही कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट कमी करा. शेजारी सहा-आठ ओळींचा पट्टा नेहमीच्या मात्रेवर ठेवा आणि काढणीला दोन्हीकडचं धान्य वेगळं मोजा.

सुरुवात हरभऱ्याच्या मुळांपासून करा. शेतावर गेलो की मी आधी खुरपं मागतो. पीक ३५-४० दिवसांचं झालं की पाच-सहा ठिकाणची झाडं मातीच्या ढेकळासकट काढा. नुसती ओढली तर मुळांवरच्या गाठी जमिनीतच तुटून राहतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर हवेतलं नत्र (नायट्रोजन) स्थिर होतंय, म्हणजे पिकाला वापरता येतंय. मग पुढच्या मक्याचं नत्र पाव हिश्शाने कमी करून पाहा. गाठी कमी किंवा आतून पांढऱ्या असतील तर घाई नको. पुढच्या पेरणीला १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं खत) चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, जिवाणू शेवटी.

स्फुरद-पालाश (फॉस्फरस आणि पोटॅश) मात्र माती परीक्षणाशिवाय कमी करू नका. ते हरभरा हवेतून आणत नाही.

मक्याची धाटं जाळू नका, बारीक करून गाडा. त्यांत नत्राच्या पन्नास-साठ पट कर्ब असतो. कुजताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात, त्यामुळे पुढचं पीक पिवळं पडतं आणि आपण युरियाचं पोतं उघडतो. म्हणून धाटांमागे हरभरा बरा, तो आपलं बरंचसं नत्र स्वतः मिळवतो.

फवारणी तारीख पाहून करू नका. घाटेअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री ८-१० पतंग आले की रानात उतरा. दोन ओळींमध्ये पांढरं कापड अंथरून झाडं हलवा. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या पडल्या तरच फवारा. अळ्या लहान असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क किंवा एचएएनपीव्ही (घाटेअळीला मारणारा विषाणू) पुरतं. विषाणू उन्हात निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी. अळी मोठी होऊन घाट्यात डोकं खुपसून बसली, की या दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही.