मार्बल कटर उलटा बसवून घरी टेबल सॉ बनवावा का?

घरचं फर्निचर स्वतः करायचंय, टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर आलेलं करवतीचं मशीन) महाग पडतो, म्हणून प्लायला भोक पाडून फरशी कापायचा हातातला कटर खालून उलटा कसला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: नको. कारण सांगतो.

सगळ्यांना धास्ती बोटाची असते. पण बोट आपणहून पात्यावर क्वचितच जातं, त्याला तिथे लाकूड नेतं. पात्याचे पुढचे दात फळी खाली दाबतात, मागचे दात मात्र वर येत असतात. फळी जराशी तिरकी झाली, किंवा आतला ताण मोकळा होऊन काप मागून मिटला, की तेच मागचे दात फळी उचलून तुमच्या अंगावर फेकतात. फळी दाबून धरलेला हात अशा वेळी सटकतो आणि पातं समोरच असतं. चार इंची कटर मिनिटाला 12,000 च्या आसपास फेरे घेतो. म्हणजे दातांचा वेग ताशी सुमारे 250 किलोमीटर.

आमच्या शेडमध्ये जुनी सागवानी चौकट चिरताना एक पट्टी अशीच उडाली आणि मागच्या प्लायच्या पार्टिशनमध्ये रुतून बसली. मिस्त्री पात्याच्या रेषेत नव्हते, डावीकडे सरकून उभे होते, म्हणून निभावलं.

विकतच्या चांगल्या टेबल सॉला पात्यामागे पातळ पोलादी पट्टी असते, रिव्हिंग नाइफ. ती काप मिटू देत नाही. उलट्या कटरला ही पट्टी नसते, आणि मूळचा गार्डही काढून टाकलेला असतो. मिस्त्री लोक कापात लाकडी पाचर ठोकतात, तीही मशीन बंद करून. घाईत ते कोण करतंय?

दुसरी गोष्ट वीज. कटरचं बटण दाबलेल्या स्थितीत लॉक होतं, बोट काढलं तरी चालूच राहतं. काम चालू असताना लाइट गेली, सगळे चहाला बसले, आणि एक पोरगा टेबलावरचा भुसा हाताने सारत होता. तेवढ्यात लाइट आली आणि पातं गरकन फिरलं. त्याचा हात वीतभर लांब होता. तेव्हापासून आमच्याकडे लाइट गेली की आधी पिन निघते, मग चहा.

अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी 1999 मध्ये एक यंत्रणा शोधली. कातडीचा स्पर्श कळताच ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पातं 5 मिलिसेकंदांच्या आत थांबतं. सॉस्टॉप म्हणतात तिला. भारी चीज आहे, पण उडालेली फळी तीही अडवत नाही.

हातमोजे घालू नका, पातं मोज्यासकट हात ओढतं. डोळ्यांना गॉगल मात्र हवाच.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर 8×4 ची शीट प्लायच्या दुकानातूनच मापात कापून आणा, बरेच दुकानदार पॅनेल सॉवर कापून देतात. उरलेल्या कामाला हातातला सर्क्युलर सॉ घ्या, गार्डसकट. पातं शीटच्या खाली पाच-सहा मिलिमीटरच निघेल एवढं ठेवा, सरळ पट्टी क्लॅम्पने कसा आणि शीटला कापाच्या दोन्ही बाजूंनी आधार द्या. नुसत्या दोन टोकांना स्टूल लावली, तर शीट मधे झोळते आणि काप पात्याला चावतो.