शौचाला रक्त नाही, मग रक्तस्राव कुठे?

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. हिमोग्लोबिन कमी म्हणून जळगावला मोठ्या आतड्याची दुर्बीण सांगितली आहे. तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला, रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या चालू आहेत. गावातल्या एका आजोबांना याच तपासणीनंतर पोटात रक्तस्राव झाला, पण शौचावाटे थेंबही नाही. असं कसं? गोळ्या थांबवायच्या का?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. नुसती तपासणी किंवा काही मिलिमीटरचा तुकडा काढणं, यासाठी त्या सहसा चालू ठेवतात. तेवढ्या जखमेतलं रक्त आपोआप थांबतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते जिवावर बेतू शकतं. मोठा पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची मांसल वाढ) काढायचा असेल तर गोष्ट वेगळी : तेव्हा क्लोपिडोग्रेल काही दिवस बंद करायचं की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरतं.

आजोबांना बहुधा प्लीहेची, म्हणजे पाणथरीची इजा झाली असावी. फार क्वचित होते. डाव्या बरगडीखाली आतडं वळतं, तिथे ते पाणथरीला पडद्याने जोडलेलं असतं. दुर्बीण वळवताना तो पडदा ताणला जातो आणि पाणथरीचं आवरण फाटतं. जुन्या ऑपरेशनमुळे आत चिकटलेलं असेल तर धोका वाढतो. हे रक्त आतड्याबाहेर, पोटाच्या पोकळीत साचतं. शौचातून येणार कुठून?

तपासणीनंतर गॅसने पोट फुगतं, दुखतं. वारा सरला की हलकं वाटतं. पाणथरीला इजा झाली तर उलट होतं. दुखणं वाढत जातं, डाव्या खांद्यात कळ येते, घाम येतो, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. बहुतेकदा पहिल्या २४ तासांत, कधी काही दिवसांनीही. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर रक्त जात असूनही नाडी वाढत नाही, त्यामुळे नुसत्या नाडीवर विसंबू नका. पहिलं हिमोग्लोबिनही फसवं असतं, काही तासांनी पुन्हा करावं लागतं. निदान सीटी स्कॅनने होतं. खांदा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी देऊन झोपवू नका; दवाखान्यात ‘काल दुर्बीण झाली’ हे पहिलं वाक्य असू द्या.

जमलं तर ती रात्र जळगावातच काढा, संध्याकाळची एसटी धरू नका. आणि आधीचे दोन-तीन दिवस भरीत, कळण्याची भाकरी बंद. वांग्याच्या बियांनी दुर्बिणीची नळी तुंबते, मग साफ करत करत तपासणी लांबते. मऊ भात आणि पातळ वरण चालेल.