पत्रकाची शेवटची ओळ

प्रिय मित्रा,

तुमच्या ग्रुपचं मुक्त सॉफ्टवेअरवरचं पत्रक मिळालं. दोनदा वाचलं, एकदा मोबाइलवर आणि मग प्रिंट काढून, कारण असल्या गोष्टी कागदावर बघितल्याशिवाय कळत नाहीत. छान जमलंय. पहिल्याच ओळीत तू फुकट आणि मुक्त यातला फरक सांगितलास ते तर फारच आवडलं, इंग्रजीवाल्यांना 'फ्री' म्हणजे पैसे नाहीत की स्वातंत्र्य हे दर वेळी समजावत बसावं लागतं, आपल्याकडे दोन वेगळे शब्द आयतेच आहेत.

पण मग वाचत वाचत खाली आले आणि अगदी तळाला बारीक टायपात दिसलं, 'सर्व हक्क राखीव'.

तू ते मुद्दाम टाकलेलं नाहीस हे मला माहितीये. डीटीपीवाल्याच्या जुन्या फाइलमध्ये असतं ते, लग्नपत्रिकेत 'श्री कृपेकरून' येतं तसं सवयीने येतं. पण बघ ना, वर चार स्वातंत्र्यं सांगायची, वापरा, अभ्यासा, वाटा, सुधारा, आणि ज्या कागदावर ती सांगितली त्यालाच कुलूप लावायचं. आणि ती ओळ नुसती खोडलीस तरी कुलूप निघत नाही हे नीट समजून घे. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे मजकूर लिहिला की कॉपीराइट आपोआप लागतो, नोंदणी लागत नाही, काही छापावं लागत नाही, आणि लेखक गेल्यावरही तो ६० वर्षं राहतो. गप्प राहिलास तर त्याचा अर्थ परवानगी नाही असाच होतो.

तू म्हणशील, कुणी विचारलं तर हो म्हणू की. आम्हीही तेच म्हणायचो. सॉफ्टवेअर फ्रीडम डेसाठी आम्ही सहा जणांनी मिळून एक आठ पानी पुस्तिका केली होती, रात्र रात्र बसून, एकेका शब्दावर भांडून. लायसन्सची ओळ, म्हणजे हा मजकूर कुणी कसा वापरायचा याची लेखी परवानगी, टाकायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. काही वर्षांनी एका शिक्षक गटाला त्यातली चार पानं प्रशिक्षणाच्या साहित्यात घ्यायची होती, त्यांनी रीतसर लेखी परवानगी मागितली, आणि मागायलाच हवी होती. पाच जणांनी त्याच दिवशी हो म्हटलं. सहावा सापडलाच नाही. जुना मेल परत यायचा, फोन बंद. तो नाही म्हणाला असता का? मुळीच नाही, सगळ्यात जास्त तोच लिहीत होता. पण त्याच्या वतीने हो म्हणायचा हक्क आमच्यापैकी कुणालाच नव्हता, आणि तोवर त्यांचं प्रशिक्षण होऊनही गेलं. ते मला आजही लागतं. म्हणून तुमच्या ग्रुपमध्ये ज्याने ज्याने एक परिच्छेद जरी लिहिलाय त्या प्रत्येकाकडून आत्ताच मेलवर लेखी होकार घे, सगळे एका कॅन्टीनमध्ये बसताय तोवर हे दहा मिनिटांचं काम आहे. आणि त्यांना स्पष्ट सांग की आपण जे क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स लावणार आहोत ते एकदा दिलं की परत घेता येत नाही.

अजून एक गोष्ट, जी आमच्या वकील मैत्रिणीने दाखवली तेव्हा मी थक्क झाले होते. साध्या मेलवर 'वापरा हो' असं लिहून दिलेल्या परवानगीत मुदत लिहिली नसेल तर कायद्यात ती पाच वर्षांची धरली जाते, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरती. म्हणजे तू मनापासून दिलेली परवानगी पाच वर्षांनी संपलेली असू शकते आणि दुबईच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी मंडळाला ती मुळात लागूच नसेल. क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्सं म्हणजे कुणालाही आपल्या मजकुराला लावता येतील अशी आधीच लिहून ठेवलेली परवानगीपत्रं, त्यांत जगभरासाठी आणि कॉपीराइट असेपर्यंत, हे दोन्ही आधीच लिहिलेलं असतं.

आता कुठलं घ्यायचं. तू फोनवर म्हणालास की कमर्शियल वापर नको असं टाकू, कुणी आपल्या जिवावर पैसे कमवायला नकोत. भावना कळते मला, पण आपलं पत्रक वाटणार कोण याचा विचार कर. एमएस-सीआयटीचे क्लास चालवणारे फी घेतात, झेरॉक्सवाला पानाला पैसे घेतो, स्थानिक साप्ताहिकात जाहिराती असतात, आणि यातल्या कुणाला 'आपलं हे कमर्शियल का' अशी शंका आली की तो सरळ बाजूला ठेवून देतो. ज्यांच्यापर्यंत पोचायचंय तेच गळतात. बदल करायचे नाहीत अशी अट तर पत्रकाला अजिबात नको. तू लिहिलंयस की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, दोन वर्षांनी हे वाक्य जुनं होणार, तेव्हा नांदेडच्या किंवा पणजीच्या एखाद्या पोराला ते काढून नवीन टाकता यायला हवं, कोकणीत करता यायला हवं.

इथेच तुझ्या पत्रकात एक अडचण आहे, रागावू नकोस. मधले दोन परिच्छेद तू ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या साइटवरून भाषांतर केलेत, मी लगेच ओळखले. त्या पानांवर बदल न करण्याचं लायसन्स आहे, सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) बाय-एनडी ४.०, आणि भाषांतर हाही बदलच धरतात. तत्त्वज्ञानाचा, मताचा मजकूर कुणी बदलून आपल्या तोंडी भलतं घालू नये अशी त्यांची भूमिका आहे, ती मला पटते, पण पत्रक हे मत कमी आणि अवजार जास्त असतं. एक तर त्यांची परवानगी घे किंवा ते दोन परिच्छेद स्वतः लिही. चार स्वातंत्र्यांच्या कल्पनेवर कुणाचा कॉपीराइट नाही, फक्त त्यांच्या शब्दांवर आहे, आणि तुझे शब्द खरं तर जास्त गोड आहेत.

लिनक्स या मुक्त प्रणालीवरचा परिच्छेद मराठी विकिपीडियातला आहे, त्याला हरकत नाही, पण तिथला मजकूर सीसी बाय-एसए ४.० खाली असतो, म्हणजे लेखाचं नाव आणि लिंक द्यायची, आपण बदल केलेत हे सांगायचं, आणि त्यातून तयार झालेलं आपलं पत्रकही त्याच लायसन्सखाली ठेवायचं. तेव्हा तुझा प्रश्न तिथेच सुटतो, बाय-एसए. मला तेच आवडतं, कुणी सुधारून छापलं तर ते सुधारलेलंही पुढच्याला वापरता येतं. फक्त दहा ओळींची प्रेसनोट स्वतःच्या शब्दांत वेगळी लिही आणि तिला सीसी झिरो लाव, म्हणजे कुठलीच अट नाही, वार्ताहर त्यातली चार वाक्यं उचलून आपल्या बातमीत जोडणार, त्याच्यावर अटी घालून उपयोग नाही.

लिनक्सच्या पेंग्विनचं चित्र खुशाल ठेव. लॅरी ईविंगने १९९६ मध्ये ते गिंप या चित्रांच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये काढलं, वापरायला आणि बदलायला परवानगी आहे, कुणी विचारलं तर त्याचं आणि गिंपचं नाव सांगायचं एवढंच, मी तर सरळ छापून टाकते. बाकी लोगोंचं वेगळं असतं, ते ट्रेडमार्क असतात, प्रोग्रॅम मुक्त असला तरी लोगो मुक्त असेलच असं नाही, प्रत्येकाचा नियम वाच आणि पत्रक त्या प्रकल्पाने काढलंय असं वाटू देऊ नकोस.

आणि फॉन्ट! यावर मी हट्ट धरणार आहे. आमच्या त्या पुस्तिकेची पीडीएफ अजून माझ्याकडे आहे, त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे टाकली की इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांचा कचरा येतो, कारण ती जुन्या डीटीपी फॉन्टात टाइप केलेली होती. समजा त्या सहाव्याची परवानगी मिळाली असती तरी शिक्षकांना ती चारही पानं परत टाइप करावी लागली असती. तर मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठेही कॉपी केला तरी मराठीच राहतो. मुक्ता घे नाहीतर आयआयटी मुंबईचा शोभिका, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, छापायला बंधन नाही. पीडीएफसोबत लिब्रेऑफिसची मूळ फाइल पण ठेव, लोकांना ती उघडून शब्द बदलता आला पाहिजे.

तळाची ओळ अशी टाक: 'मजकूर: (ग्रुपचं नाव आणि वर्ष). क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.०. छापा, बदला, भाषांतर करा, विका; आमचं नाव द्या, बदल केल्याचं सांगा आणि हेच लायसन्स ठेवा.' खाली लायसन्सची लिंक आणि मूळ फाइल जिथे आहे तिची लिंक. विकिपीडियाचा उल्लेख त्याच्याच शेजारी. आणि टाइप निदान वाचता येईल एवढा मोठा ठेव, पेंग्विन थोडा लहान झाला तरी चालेल.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार, म्हणजे सॉफ्टवेअर फ्रीडम डे, जवळ आलाय, छापखान्याला आठ दिवस तरी लागतील. ते दोन परिच्छेद लिहून उद्या रात्रीपर्यंत मला पाठव, मी लगेच वाचते. आणि आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या, छापखान्यात फोन करून सांग की प्लेट काढू नका, शेवटची ओळ बदलायचीये.

तुझी,
ताई