बास्केटबॉलमधला झेल्को ओब्रादोविच खेळाडू म्हणून मोठा होता की प्रशिक्षक म्हणून?

प्रशिक्षक म्हणून, यात वादच नाही. पण म्हणून खेळाडू ओब्रादोविचला किरकोळीत काढू नका. सर्बियातल्या चाचाकमध्ये जन्मलेला हा गडी आधी बोराच आणि मग पार्टिझान या क्लबांकडून पॉइंट गार्ड (चाली रचणारा खेळाडू) म्हणून खेळला. युगोस्लाव्हियाच्या संघातून 1988 च्या ऑलिंपिकचं रौप्य आणि 1990 चं विश्वविजेतेपदही त्याच्या नावावर आहे.

खरी गंमत 1991 ची. वय 31, अजून खेळायची उमेद होती, तरी बूट काढले आणि थेट पार्टिझानचा मुख्य प्रशिक्षक झाला. कालचे सहकारी आज हाताखाली! त्यात देशात युद्ध पेटलेलं, त्यामुळे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेतले बहुतेक ‘घरचे’ सामने स्पेनमधल्या फुएनलाब्राडात खेळावे लागले. तरी 1992 ला इस्तंबूलमध्ये अंतिम सामना जिंकला. शेवटच्या क्षणी पार्टिझानच्या जोर्जेविचने पळता पळता तीन गुणांचा फटका टाकला, 71-70. समोर होता स्पेनमधल्या बादालोनाचा होव्हेंतुत क्लब.

दोनच वर्षांनी त्याच होव्हेंतुतला त्याने युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं. पुढे रेआल माद्रिद (1995), ग्रीसच्या पानाथिनाइकोससोबत तब्बल पाच आणि 2017 ला तुर्कस्तानच्या ‘फेनेरबाहचे’ क्लबसोबत एक. पार्टिझानचं धरून एकूण नऊ. 2017 च्या आधी एकाही तुर्की क्लबला हा करंडक मिळाला नव्हता.

टाइमआउटमधला त्याचा लालबुंद चेहरा यूट्यूबवर बघाच. माझ्या मते मात्र त्या आरडाओरड्यापेक्षा पाच वेगवेगळ्या क्लबांना जिंकवणं हीच त्याची खरी कमाल.